वांद्रे : पाखाड्यांचे, क्रूसांचे आणि मराठी ख्रिस्तजनांचे गाव

मुंबई उपनगरातील वांद्रे हे नाव मराठवाड्यातील आमच्या बहुतेक वाचकांना दोन कारणांनी परिचित आहे. सप्टेंबर महिन्यात टेकडीवर भरणारी मोत माउलीची जत्रा हे एक, आणि सिनेनटांचे बंगले हे दुसरे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे वांद्रे उभे आहे. ते या दोहोंपेक्षा जुने असून त्याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. ते वांद्रे म्हणजे रणवार, शेर्ली, राजन, माला, कांतवाडी, वरोडा, पाली, चिंबई अशा पाखाड्यांचे गाव. आज इंग्रजी बोलणारे उपनगर म्हणून ज्याची ख्याती आहे, ते मुळात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे व कोळ्यांचे गाव होते, ही गोष्ट खुद्द मुंबईतील धर्मबांधवांनाही पुन्हा सांगावी लागते. म्हणूनच सदर लेखात त्या गावाची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. वांद्रे ज्या बेटावर वसले आहे त्याचे नाव साष्टी. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे, यावरून हे नाव आले असे मानतात. गोव्यातही एक साष्टी आहे आणि तिच्याही नावाची हीच व्युत्पत्ती दिली जाते. परतूर तालुक्यातील आष्टीच्या आमच्या वाचकांनी नामसाम्यामुळे गोंधळून जाऊ नये एवढ्यासाठीच हा खुलासा. वांद्रे हे नाव ‘बंदर’ या शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत ते ‘बांदोरा’ असे लिहिलेले आढळते.

श्रद्धेचा प्रारंभ

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टीचाही समावेश होता. वांद्रे येथील धर्मकार्य येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाती आले. या किनाऱ्यावरील कोळी समाज मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाला आणि त्याच्या पाठोपाठ भातशेती करणारी कुटुंबेही ख्रिस्तसभेत आली. प्रेषित संत अंद्रेया हा स्वतः कोळी होता. त्याचे नाव वांद्र्याच्या पहिल्या धर्मग्रामाला मिळाले, हे औचित्यपूर्णच म्हणावे लागेल. समुद्राकडे तोंड करून उभे असलेले सेंट अँड्र्यूज चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरच्या व सतराव्या शतकाच्या आरंभीच्या काळातील आहे. त्याच्या आवारात एकाच शिळेतून घडविलेला, सुमारे १७ फूट उंचीचा क्रूस आहे. त्यावर प्रभू येशूच्या दुःखसहनाची चिन्हे सर्व अंगांनी कोरलेली आहेत. हा क्रूस पूर्वी येशूसंघीयांच्या संत अ‍ॅन महाविद्यालयात होता. वांद्र्यास जाणाऱ्या भाविकांनी टेकडी चढण्यापूर्वी तो अवश्य पाहावा.

टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगिजांनी १६४० साली किल्ला बांधला. माहीमच्या खाडीवर नजर ठेवणे हा त्याचा उद्देश होता. टेकडीवरील मरियामातेच्या प्रार्थनामंदिराचा आरंभही त्याच सुमाराचा. १७०० साली अरब चाच्यांनी मूर्तीच्या हातातील वस्तू सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडला, अशी परंपरा आहे. समुद्रात मूर्ती सापडेल असे स्वप्न एका कोळ्यास पडले आणि त्याप्रमाणे ती सापडली, अशीही कथा सांगतात. कोळी बांधवांनी ‘माउंट’ या शब्दाचे ‘मोत’ केले व पुढे ‘माउली’ जोडले. ‘मोत माउली’ हे नाव कोणा धर्मपंडिताने सुचविलेले नाही. ते होडीवरच्या माणसांनी आपल्या तोंडी बसेल असे घडविले आणि आज ख्रिस्तेतर भाविकही त्याच नावाने मातेला हाक मारतात.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि साष्टीवर मराठ्यांचा अंमल बसला. पोर्तुगीज धर्मगुरूंना हा मुलूख सोडावा लागला व गोव्याहून आलेले देशी धर्मगुरू धर्मग्रामांचा सांभाळ करू लागले. हा काळ ख्रिस्तजनांस कठीण गेला यात शंका नाही. परंतु येथे एक गोष्ट नोंदवून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते. टेकडीवरील मरियामातेचे मंदिर पुन्हा उभे राहिले ते १७६० च्या सुमारास. त्या वेळी साष्टी मराठ्यांकडेच होती, कारण इंग्रजांनी ती घेतली १७७४ साली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पेशवाईतील वांद्र्यात मोत माउलीचे मंदिर बांधले गेले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत नसलेले वास्तव आहे. सध्याची इमारत १९०४ ची. तिचा वास्तुकार पारशी होता. १९५४ साली या मंदिरास बॅसिलिकेचा दर्जा प्राप्त झाला.

एकोणिसाव्या शतकातील पाद्रुआदो आणि प्रोपगांडा यांच्या वादाचा येथे विस्तार करीत नाही. एवढेच सांगतो की, एकाच वांद्र्यात काही घरे गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली, तर शेजारची घरे रोमने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराखाली, अशी स्थिती कित्येक दशके होती. १९२८ साली पोर्तुगाल व पवित्र पीठ यांच्यातील कराराने मुंबईतील ही दुहेरी सत्ता संपुष्टात आली. वादाच्या त्या काळातही शाळा निघाल्या, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. येशूसंघीयांची सेंट स्टॅनिस्लॉस ही शाळा १८६३ ची. आरंभी ती अनाथ मुलांसाठी होती.

गावाचे उपनगर झाले

वांद्रे व माहीम यांच्यामध्ये खाडी होती आणि ती होडीनेच ओलांडावी लागे. पावसाळ्यात हा प्रवास जिवावर बेतणारा असे. लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी १,५७,००० रुपयांची देणगी दिली आणि १८४५ साली माहीमचा बांध वाहतुकीस खुला झाला. पुढे रेल्वे आली. १८६७ पासून विरार ते मुंबई अशी लोकल गाडी धावू लागली. १८७६ साली वांद्र्यास नगरपालिका मिळाली. मुंबईत नोकरी करून रात्री घरी परतणे आता शक्य झाले. पाखाडीतील शेतकऱ्याचा मुलगा कारकून झाला, रेल्वेत लागला, कस्टममध्ये गेला.

समाजाचे ‘ईस्ट इंडियन’ हे नाव याच परिस्थितीतून आले. पोर्तुगीज आडनावे धारण करणाऱ्या गोव्याच्या व मंगळूरच्या ख्रिस्तजनांची मुंबईत नोकरीसाठी गर्दी होऊ लागली. इंग्रज अधिकाऱ्यांस या सर्वांतील भेद कळेना. आपण पोर्तुगीज प्रजा नव्हेत, कंपनी सरकारच्या काळापासूनचे येथील रहिवासी आहोत, हे सांगण्यासाठी मुंबई, साष्टी, ठाणे व वसई येथील मूळ ख्रिस्तजनांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. नोकरीच्या दृष्टीने हे नाव उपयोगी ठरले असेल. आमच्या मते मात्र त्याने एक नुकसानही केले. नावातून ना मराठी भाषा दिसते, ना कोकणची माती. ‘ईस्ट इंडियन म्हणजे बंगालकडचे काय?’ असा प्रश्न या समाजातील मंडळींना आजही विचारला जातो.

प्लेगचे क्रूस

वांद्र्याच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याच्या डोळ्यांत सर्वप्रथम भरतात ते क्रूस. चौकात, विहिरीजवळ, दोन घरांच्या मधल्या बोळात, कोठे उघड्यावर तर कोठे लहानशा छपराखाली, पांढऱ्या चुन्याने रंगविलेले, झेंडूच्या माळा घातलेले. यांतील काही क्रूस फार जुने आहेत. परंतु पुष्कळांचा जन्म एका विशिष्ट संकटात झाला.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळले. हा रोग प्लेगच आहे हे ओळखणारे डॉक्टर अकासियु व्हिएगास हे गोव्याचे कॅथॉलिक होते. लवकरच साथ उपनगरांत पोहोचली. वांद्र्यातील दाट वस्तीच्या पाखाड्यांत मृत्यूने थैमान घातले. आजारी माणसास घरातून उचलून नेत, घरे रिकामी करवीत, छपरे उघडी करीत. लोकांनी एकत्र जमणे धोक्याचे झाले होते. अशा वेळी मोठ्या चर्चमध्ये जाणे सर्वांना शक्य नव्हते. तेव्हा पाखाडीपाखाडीतील लोकांनी आपल्याच चौकात क्रूस उभारले आणि सायंकाळी घराच्या पायरीवर उभे राहून ते जपमाळ म्हणू लागले.

ही घटना ख्रिस्तसभेच्या इतिहासात लहान दिसेल. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. हे क्रूस कोणा महागुरूंच्या आदेशाने उभे राहिले नाहीत. प्रापंचिकांनी आपल्या कष्टाच्या पैशांतून, आपल्या जमिनीवर, आपल्या भाषेत प्रार्थना करण्यासाठी ते उभारले. साथ ओसरली, पण जपमाळ थांबली नाही. मे महिन्यात मरियामातेच्या सन्मानार्थ व ऑक्टोबरात जपमाळेच्या महिन्यात क्रूसापाशी जमण्याची प्रथा पडली. जुन्या दिनदर्शिकेनुसार ३ मे हा पवित्र क्रूसाच्या शोधाचा सण. त्यामुळे मे महिन्यात क्रूसांना रंग लागतो, पताका लागतात, लितानी गायिली जाते आणि नंतर उकडलेले चणे वाटले जातात. चण्यांबरोबर घरच्या दारूचा एखादा पेलाही फिरत असे. धर्मगुरूंनी त्यावर अधूनमधून नापसंती व्यक्त केली, पण लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

पाखाडीतील जीवन

पाखाडी म्हणजे केवळ गल्ली नव्हे. एकमेकांस टेकलेली, कौलारू, लाकडी सज्जांची घरे, बाहेरच्या बाजूने माडीवर जाणारा जिना, समाईक विहीर, क्रूस आणि समाईक लाजलज्जा, हे सर्व मिळून पाखाडी होते. वांद्र्यात अशा चोवीस पाखाड्या होत्या असे जुनी माणसे सांगतात. प्रत्येकीचा सण वेगळा, वाद्यवृंद वेगळा आणि शेजारच्या पाखाडीशी असलेली चुरसही वेगळी.

लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधी होई. लुगडे नेसलेल्या, अंगावर पिढीजात दागिने घातलेल्या स्त्रिया बँडच्या तालावर गात विहिरीवर जात व घागरी भरून आणीत. त्या पाण्याने वधूला वा वराला न्हाऊ घालीत. या विधीत हिंदू शेजाऱ्यांच्या लग्नविधीची छाया स्पष्ट दिसते. चार शतकांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनी विहीर, उंबर व घागर सोडली नाही, आणि ती सोडावयास हवी होती असे आम्हांस मुळीच वाटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने (१९६२ ते १९६५) संस्कृतीकरणाविषयी जे मांडले, त्याचा प्रत्यय या स्त्रियांनी फार आधी आणून दिला होता. सणासुदीला फुगे, तांदळाची भाकरी, आणि वर्षभर पुरेल असा ‘बॉटल मसाला’ हे या घरांचे वैशिष्ट्य. उन्हाळ्यात मसाला कुटून बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरीत, म्हणून हे नाव. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते व ते सहसा बाहेर सांगितले जात नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ म्हणजे नव्या भाताचा सण. शेतातील लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित केल्या जातात. वांद्र्यात शेते उरलेली नाहीत, तरी साष्टीतील धर्मग्रामांनी हा सण टिकविला आहे.

भाषेचा प्रश्न

या लोकांची मातृभाषा मराठी. तिची धाटणी उत्तर कोकणची, शब्दसंग्रहात पोर्तुगिजांचा अंश आणि उच्चारात स्वतःचा ठसा. मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपण फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) आठवतो. ते गोव्यात छापले गेले. परंतु उत्तरेकडील या ख्रिस्तजनांसाठीही स्वतंत्र पुराण रचले गेले होते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कू वाझ द गिमारायन्स यांनी १६५९ साली प्रभूच्या दुःखसहनाची ओवीबद्ध कथा येथील मराठीत सिद्ध केली. ती रोमन लिपीत होती. साष्टी व वसईच्या घरांतून प्रायश्चित्तकाळात ती गायिली जाई, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत तिची पुनर्मुद्रणेही झाली. म्हणजे दोनशे वर्षे शेतकरी व कोळी कुटुंबे उपवासकाळच्या रात्री मराठीतून येशूचे दुःख गात होती.

ती परंपरा तुटली. कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. चर्चमधील भाषा लॅटिन व पोर्तुगीज, शाळेतील इंग्रजी, नोकरीतील इंग्रजी, आणि मराठी राहिली ती स्वयंपाकघरात व विहिरीवर. १९१८ साली सालसेट कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आखीव रस्ते, बंगले व बागा असलेली नवी वसाहत भातखाचरांच्या जागी उभी राहिली. तेथे शहरातून गोव्याची व मंगळूरची सुशिक्षित कुटुंबे राहावयास आली. त्यांच्या येण्याने धर्मग्रामे समृद्ध झाली हे मान्यच केले पाहिजे. पण त्यांची समाईक भाषा इंग्रजी होती. पाखाडीतील आईनेही मग मुलांशी इंग्रजी बोलण्यास प्रारंभ केला. व्हॅटिकन महासभेनंतर जेव्हा लोकभाषेत मिस्सा करण्याची मुभा मिळाली, तेव्हा वांद्र्याची लोकभाषा कोणती, या प्रश्नाचे उत्तर बदलून गेले होते. वसईत मराठी उपासना बहरली, याचे कारण तेथे घरची भाषा टिकली होती.

तरीही सारे संपले असे म्हणता येत नाही. मुंबईचे आर्चबिशप (१९७८ ते १९९६) व १९८८ पासून कार्डिनल असलेले सायमन पिमेंटा हे साष्टीतीलच मरोळ गावचे ईस्ट इंडियन सुपुत्र. गावठाणातील मुलगा कार्डिनल होऊ शकतो, ही गोष्ट या समाजास धीर देणारी ठरली. अलीकडे तरुण मंडळी आपल्या बोलीतील गाणी, म्हणी व पाककृती गोळा करू लागली आहेत. त्यांतील अनेकांना ती बोली नीट बोलता येत नाही, ही खंत त्यांच्याच तोंडून ऐकू येते.

जमीन आणि क्रूस

आजचा सर्वांत निकडीचा प्रश्न जमिनीचा आहे. १९५० साली वांद्रे बृहन्मुंबईत समाविष्ट झाले आणि पाखाड्यांभोवती इमारती उंचावत गेल्या. गावठाणातील भूखंड लहान, भिंती समाईक. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, आणि वारसांपैकी काही कॅनडात, काही ऑस्ट्रेलियात. जुन्या घराची कौले बदलणेही खर्चिक, आणि विकासक देऊ करतो ती रक्कम मात्र डोळे दिपविणारी. अशा स्थितीत घर विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. पण घर गेले की क्रूसापाशी जपमाळ म्हणणारी पाच माणसे कमी होतात, हेही तितकेच खरे. गावठाणांच्या सीमा स्पष्टपणे आखून त्यांना वेगळे नियम लावावेत, अशी मागणी ईस्ट इंडियन संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

क्रूसांवरही संकट आले. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामे हटविण्याच्या मोहिमेत २०१७ च्या एप्रिलमध्ये वांद्र्यातील बाजार रोडवरील शतकाहून जुना क्रूस महापालिकेच्या कारवाईत पाडला गेला. तो खासगी जागेत आहे असे रहिवाशांचे म्हणणे होते. ख्रिस्ती समाजाने तीव्र निषेध केला. या प्रकरणाने एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आणून दिली. क्रूस जुना आहे हे माहीत असणे आणि तो जुना आहे हे कागदाने दाखविता येणे, या दोन भिन्न बाबी आहेत. ज्यांच्याकडे जुना नकाशा, मिळकत पत्रिका, तारखेसह कोरलेली पाटी वा जुने छायाचित्र असते, त्यांची बाजू बळकट राहते. आपल्याकडेही अनेक खेड्यांत प्रार्थनामंदिरे व क्रूस तोंडी संमतीने दिलेल्या जागेवर उभे आहेत. तेथील धर्मग्राम मंडळांनी सातबारा, फेरफार व दानपत्र यांची आताच तपासणी करून घ्यावी.

यात्रेकरूंसाठी

मोत माउलीचा सण ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी साजरा होतो व जत्रा आठवडाभर चालते. त्यापूर्वी नऊ दिवसांची नोव्हेना असते. या काळात इतर भाषांबरोबर मराठीतूनही मिस्सा होते. परतूर व जालना येथून मुंबईस जाणाऱ्या बहुतेक गाड्या दादरला थांबतात. तेथे पश्चिम रेल्वेची लोकल घेऊन वांद्रे स्थानकावर पश्चिमेस उतरावे. टेकडीवरून परतताना हिल रोडने सेंट अँड्र्यूज चर्चपाशी यावे, आवारातील शिळेचा क्रूस पाहावा व पुढे वरोडा रस्त्याने रणवारात शिरावे. गल्ली अरुंद आहे, घरे खासगी आहेत, म्हणून मोठ्याने बोलू नये व विनापरवाना छायाचित्रे घेऊ नयेत. सायंकाळी कोणी जपमाळ म्हणत असल्यास थांबून सामील व्हावे. प्रार्थना बहुधा इंग्रजीत चाललेली असेल, पण कोणी आपल्याकडून मराठीत ‘नमो मरिये’ म्हटले, तर एखाद्या वृद्ध स्त्रीकडून पुढचे शब्द मराठीतच येण्याचा संभव आहे.